पंच्याखालची बोटं

मी वारूळवाडीच्या सोमाजीच्या खांद्यावरचा पंचा. बन्सीलालशेठच्या दुकानातून आलो तेव्हा पांढराशुभ्र होतो; आता माझा रंग विचारू नका.

घाम पुसणं हे माझं रोजचं काम. खरा मान मिळायचा तो बैलबाजारात. घेणारा आणि विकणारा माझ्याखाली हात घालत आणि एकमेकांची बोटं दाबून भाव सांगत. वर गप्पा पाऊसपाण्याच्या, खाली हजारांची घासाघीस. कुणी किती देऊ केले, ते शेजारी उभ्या सख्ख्या भावालाही कळत नसे.

मीही काही धुतल्या तांदळासारखा नव्हतो. बोटांची भाषा न कळणाऱ्यांना दलालांनी माझ्याआडच गंडवलं. म्हणून तर बाजाराचा कारभार बघणाऱ्या, शेठजींच्या शिकलेल्या नातवानं, संयमनं, यंदा उघड लिलाव सुरू केला. माईकसमोर आकडा मोठ्यानं बोलायचा. जो चढवेल त्याचा बैल. हेतू चांगलाच होता त्याचा.

त्या दिवशी डोंगराकडच्या झुंबरबाईनं बैल आणला. नवरा गेल्यापासून तिला त्याची निगा झेपत नव्हती. "सत्तर हजार आलं तर दुभती गाय नेईन," म्हणाली. सोमाजीची बैलजोडी दिवाळीत मोडलेली, एक बैल दावणीला एकटाच. हा उंचीला, शिंगाला अगदी त्याच्या जोडीचा. पाठीवरून हात फिरवत सोमाजी पुटपुटला, "सत्तरला सोडायचा न्हाई."

लिलाव सुरू झाला. पहिलाच आवाज आला, "पन्नास!" बाळासाहेबांचा. म्हणजे सोमाजीच्या व्याह्यांचा; त्याची लेक जया त्यांच्या घरात नांदते.

सोमाजीनं उघडलेलं तोंड तसंच मिटलं. व्याह्यांवर चारचौघांत बोली चढवायची? उद्या लेकीला ऐकून घ्यावं लागलं तर? भोवतीचेही सगळे या दोघांचे सोयरेच, कुणी हूं की चूं केलं नाही. माझ्याखाली हात असता तर सत्तर झाले असते हो! सोमाजीनं नुसतं माझं टोक मुठीत पिळलं.

लिलावात उभा केलेला बैल मागे घेता येत नव्हता; तो पन्नासला गेला. रिकामं दावं गुंडाळत झुंबरबाई म्हणाली, "एवढ्यात गाय येत न्हाई, भाऊ," आणि टेम्पोत बसली.

चहाच्या टपरीवर बाळासाहेब म्हणाले, "तुमी गप का बसला, राव? बोली सुरू व्हावी म्हणून मी आपला आकडा टाकला. तुमी चढवाल म्हणून वाट बघत व्हतो."

"तुमच्यावर कसा बोलू, पावणं?"

बाईला वरचे पैसे द्यावेत म्हणून दोघं उठून टेम्पो शोधत गेले. तो कधीच निघून गेला होता.

"बैल तरी घेऊन जा तुमी."

"आता कुठल्या तोंडानं नेऊ? बाईचं नुकसान माझ्या गप बसण्यानं झालं."

मला फार वाईट वाटतं. त्याच्याच खांद्यावर होतो, पण काही करता आलं नाही. संयमदादा, माईक राहू द्या, पण माणसाची भीड झाकायला जरा आडोसाही ठेवा. आकडा चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकू द्या. माझी गरज उरली नाही तरी मी रागावणार नाही.

रोज संध्याकाळी सोमाजी त्या एकट्या बैलाची पाठ माझ्यानं पुसतो. शेजारची जागाही झाडून ठेवतो.