चांदणीचे सहा किरण

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. अनसिंगच्या एका घरात माळ्यावर पडून असते. माझं अंग म्हणजे बोअरवेलचा उरलेला निळा पाइप. हसू नका, या पाइपापायीच सगळं घडलं.

त्या घरातल्या प्रसेनजितने तीन महिने काचेवर काच घासून माझा आरसा घडवला. तोंडाशी लहान आरसा धरायला त्याने करवतीची चार पाती आणली. त्यातलं एक मोडलं. स्वारीला धीर कुठला! तीन पात्यांवरच भागवलं.

आकाश सरकतं, म्हणून मलाही सरकावं लागे. त्याची धाकटी बहीण धम्मदीपा माझ्या बैठकीचा स्क्रू हाताने फिरवायची, थंडीत बोटं आखडली तरी. लाइट गेली की शेजारी चडफडत आणि आमच्या गच्चीवर आनंदीआनंद! त्या काळोखातले दीडशे फोटो प्रसेनजितने संगणकावर एकावर एक रचले, तेव्हा मृग नक्षत्रातला तेजोमेघ गुलाबी उमलला. "लय गुणाची हाय माही दुर्बीण!" म्हणत त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. मी भाबडी, मला ते खरं वाटलं.

तो फोटो वाशिमच्या प्रदर्शनात लागला. तिथे प्रसेनजितने मला टेबलाखाली सरकवलं, वरून चादर सोडली आणि शेजारच्या स्टॉलवरची पांढरीशुभ्र दुर्बीण मागून आणून मांडली. एका पाहुण्या बाईंनी विचारलं, "फोटो कशाने काढला?"

"ह्याच दुर्बिणीने," तो म्हणाला.

चादरीखाली मी ते ऐकलं. ज्याने मला घडवलं, त्यानेच मला नाकारलं होतं.

बाई पुढे गेल्यावर धम्मदीपाने त्याला गाठलं. "दादा, काहून खोटं बोलून राह्यला?"

"चूप राह्य. पाइपाची दुर्बीण सांगाले लाज वाटते मले."

"मंग फोटोतल्या चांदणीचे किरणं मोज. एका पात्याचे दोन्हीकडून दोन किरणं पडतात. या पांढरीले चार पाती समोरासमोर हायत, त्यायचे किरणं एकमेकावर पडतात, म्हणून हिच्यात चारच दिसतात. आपलीले तीनच पाती, समोरासमोर कोणी नाही, म्हणून सहा. मोज ना!"

त्याने मोजले. मान खाली घातली, पण पाहुण्या बाईंना हाक काही मारली नाही.

आता माझ्या आरशावर धूळ बसू नये म्हणून धम्मदीपा माझ्या तोंडावर ताट झाकून ठेवते. मित्रांनो, जुन्या वस्तूला फडकं मारा, जपा. पण तिच्याकडून काम करून घेतलंत, तर चारचौघांत तिचं नावही घ्या. तो फोटो आता एका शाळेच्या भिंतीवर आहे. खाली पांढरीचं नाव लिहिलंय. कधी गेलात, तर कुठल्याही ठळक चांदणीचे किरण मोजा.

सहा भरतील. ती मी आहे.