मामांची सबब

गोराताने अंगठी बोटात अर्धी सरकवली आणि तशीच ती काउंटरखाली बसली.

"काय पडलं?" मोथुसीने वाकून विचारलं.

"मामा आलेत. दारात. बघू नकोस."

मोथुसीने अर्थातच बघितलं. बोत्स्वानातल्या गाबोरोनच्या भर बाजारातल्या त्या दागिन्यांच्या दुकानाचं काचेचं दार ढकलून गोराताचे टीरो मामा आत येत होते. अंगात गावच्या बैठकांना घालायचा तपकिरी कोट, आणि मागे मामी. मोथुसीचा चेहरा उतरला. रीत सरळ होती. मुलाच्या काकांनी मुलीच्या मामांकडे जायचं, मुलगी मागायची, मुलीच्या घरी द्यायच्या गाई ठरवायच्या, आणि मग पोरांनी काय ती हौस करायची. इथे मागणी झाली नव्हती आणि पोरगी हिरा घालून मोकळी. मामांनी हे पाहिलं तर बैठक होण्याआधीच मोडणार, आणि त्यांना दोष देता येणार नव्हता.

तसंही मामा बरेच दिवस टाळाटाळ करत होते. मोथुसीच्या काकांचा निरोप गेला की मामांकडे सबब तयार. एकदा म्हणाले, पाऊस होऊ दे. मग गुरांच्या तळावरचा बैल हरवला. मग कंबर धरली. गोराताचे वडील ती लहान असतानाच गेलेले, तेव्हा मामांच्या शब्दावाचून पान हलणार नव्हतं. मोथुसी त्यांच्या मनात भरला नाही, एवढाच अर्थ तिने काढला होता आणि ती आतून खंगत चालली होती. आज नुसतं बघून येऊ, असं म्हणत मोथुसीनेच तिला ओढून आणलं होतं.

"ताई, अंगठी पडली का खाली?" दुकानातली मुलगी मोठ्याने म्हणाली. मदत करायची हौस दांडगी असते काही जणांना.

सगळ्यांनी वळून बघितलं. गोराता उठून उभी राहिली आणि तिने हात पाठीमागे घेतला. मामांची नजर तिच्यावर पडली. आता ते गरजणार म्हणून तिने मान खाली घातली, तर मामा झटकन मागे सरकले आणि घड्याळांच्या कपाटाआड गेले.

मामीच म्हणाली, "या बाहेर. एवढा थोराड माणूस मावतो का तिथे?"

मामा बाहेर आले. टोपी काढून त्यांनी हातात धरली होती.

"तू इथे कशी?"

"आम्ही नुसतं बघत होतो, मामा."

"हं. आम्हीही."

"तुम्ही कशाला?"

मामांनी टोपी उलटीसुलटी केली.

"सांगा तिला," मामी म्हणाली. "नाहीतर गावातले म्हातारे सांगतील, मीठमिरची लावून."

"तुझ्या गाई ठरवायला मी बसायचं," मामा सावकाश म्हणाले, "आणि कोणीतरी विचारणार, टीरो, तुझ्या बायकोच्या गाई तू कधी दिल्यास? मी खाणीवर होतो. मग दुष्काळ पडला. मग पोरं झाली, आणि राहूनच गेलं. ज्याने दिल्या नाहीत, त्याला त्या बैठकीत जागा नसते. तुला हे सांगायची लाज वाटली."

"म्हणजे मोथुसी तुम्हाला..."

"पोराला काय झालंय? चांगला आहे की." मामा मोथुसीकडे वळले. "तुझ्या काकांना सांग, आता या म्हणावं. कंबर बरी झाली माझी."

गोराताला हसू आलं आणि त्याच दमात रडू. इतके दिवस छातीवर ठेवलेला धोंडा कोणीतरी उचलून नेला होता.

"शनिवारी त्या राहिलेल्या गाई जातायत माझ्या भावांकडे," मामी म्हणाली. "मी म्हटलं, गाई भावांना, जेवणावळ गावाला, आणि मी काय नुसती हंडी ढवळू? चला दुकानात."

दुकानातल्या मुलीने तबक पुढे केलं. मामीने त्यातली सगळ्यात बारीक अंगठी उचलली.

"अभिनंदन, मामी," गोराता म्हणाली.

मामी अंगठीकडेच बघत राहिली. "तू बोलायला लागलीस तेव्हापासून मला मामी म्हणतेस," ती म्हणाली. "तू हाक मारलीस की मी आधी आजूबाजूला बघायची, कोणी तोंड मुरडतंय का, गाई न देता आणलेली कसली मामी म्हणून. नळावर, चर्चमध्ये, लोकांच्या लग्नांत."

मामा फरशीकडे बघत होते. हे त्यांनीही आज पहिल्यांदाच ऐकलं असावं.

गोराताने तिच्या हातातली बारीक अंगठी काढून तबकात परत ठेवली. "मामी," ती दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ही नको. मोठी घे."

मामीने कोणाकडेच बघितलं नाही. तिने हात पुढे केला.