तोंडात गोळा अडकलेली तोफ

मी एक जुनी तोफ आहे. मित्रांनो, तुम्ही मला पाहिलेत तर तोफ म्हणून ओळखणार नाही. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला पोर्थमेरिन नावाचे मच्छीमारांचे बंदर आहे. तिथल्या धक्क्यावर मी कमरेपर्यंत जमिनीत पुरलेली, तोंड आभाळाकडे करून उभी आहे. पाऊस आत जाऊ नये म्हणून तोंडात मापापेक्षा मोठा लोखंडी गोळा ठोकून बसवला आहे. गळ्याला बोटींचे दोर असतात. दोनशे वर्षे मी खुंट्याचे काम करते आहे. त्याआधी मी माणसे मारीत असे.

माझा जन्म फ्रान्समधला. ओतणाऱ्या कारागिराने माझ्या बुडाशी राजाचे तीन पाकळ्यांचे फूल कोरले. माझे पहिले बळी इंग्रज होते. माझा गोळा त्यांच्या जहाजाची भिंत फोडून आत शिरायचा आणि लाकडाच्या ढलप्या उडायच्या. गोळ्यापेक्षा ढलप्यांनीच जास्त माणसे जायची. ढलपी पोटात शिरते, डोळ्यात शिरते. मग एका दुपारी इंग्रज कुऱ्हाडी घेऊन आमच्या जहाजावर चढले. माझे सातही गोलंदाज माझ्याभोवती कापले गेले. मी इतकी तापले होते की त्यांचे रक्त माझ्या अंगावर चरचरले. नव्या मालकांनी बादल्या ओतून मला धुतले आणि संध्याकाळी माझ्यात दारू ठासली. अशी मी इंग्रज झाले. मला कुणी विचारले नाही.

इंग्रजी गोळे माझ्या नळीत जरा सैल बसायचे, पण काम तेवढेच करायचे. पंचवीस वर्षे मी जगभर फिरले. साखरेची बेटे पाहिली, मसाल्याची बंदरे पाहिली. जिथे जायचो तिथे आधी मी बोलायचे, मग साहेब बोलायचे. एका किनाऱ्यावर आम्ही न्याहारीआधी अख्खे गाव पेटवले. वाळत घातलेली मासळी जळाली, तिच्याशेजारी बसलेली म्हातारी माणसेही जळाली. त्या गावाचे नाव मला आजतागायत माहीत नाही. नंतर एका बड्या साहेबाने मला छडीने ठोकून शाबासकी दिली. मला तेव्हा अभिमान वाटला होता, हे कबूल करते.

मग माझ्या बुडाला तडा गेला. तडा गेलेली तोफ शत्रूपेक्षा आपल्याच माणसांना आधी मारते. म्हणून मला या धक्क्यावर आणून पुरले. फूल जमिनीखाली गेले, तडाही जमिनीखाली गेला, आणि गाव दोन्ही विसरले.

खुंट्याचे काम मला आवडले. समोरच्या फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावरून कांद्याच्या वेण्या घेऊन फ्रेंच बोटी यायच्या. त्यांचे दोर आणि इथल्यांचे दोर माझ्या एकाच गळ्यात पडायचे. दोघांचे खलाशी एकाच दारूच्या गुत्त्यात भांडायचे, रडायचे आणि एकमेकांच्या बहिणींशी लग्ने करायचे.

मग युरोपात राहायचे की बाहेर पडायचे, याचे मतदान आले आणि धक्क्यावर ठोसे चालले. सगळ्यांत पुढे होता तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, डेन्झिल ट्रेंबाथ. रागीट माणूस, पण त्याच्या रागाला कारण होते. फ्रान्सच्या उपसागरात शिंपल्यांवरून मारामारी झाली तेव्हा वीस फ्रेंच बोटींनी त्याच्या बोटीला घेरले होते. दगड आले, लोखंडी कड्या आल्या, पेटत्या धुराच्या नळकांड्या आल्या. त्याचा भाऊ जोरी याचा डावा डोळा एका कडीने जागच्या जागी फुटला. घेरणाऱ्यांत सगळ्यांत जवळ होती ‘स्टेरेन’ नावाची निळी बोट. देश युरोपातून बाहेर पडला, पण डेन्झिलचे जिवंत शिंपले पलीकडच्या फ्रेंच बंदरात जकातीच्या कागदांची वाट पाहत मरू लागले. आता राग काढायचा कुणावर?

एका सकाळी त्याने माझ्या डोक्यावर बूट ठेवून गावाला सांगितले, “ही तोफ आपली आहे. हिनं अर्ध्या जगाला गुडघ्यावर आणलं, आणि आपण हिला दोर अडकवायला ठेवलीय! हिला उपटायची. गोळा काढायचा, टेकडीवर ठेवायची, तोंड फ्रान्सकडे. शनिवारी दारू भरून बार काढतो. मी स्वतः पेटवणार!”

त्याची मुलगी लोवेना धक्क्याची देखरेख करते. ती म्हणाली, “बाबा, दोनशे वर्षं तोंड बंद ठेवलेल्या बाईला बोलायला लावू नका. काय बोलेल सांगता येत नाही.”

“तू गप गं! तुझ्या काकाचा डोळा विसरलीस?”

“नाही विसरले. म्हणून तर तुमचे दोन्ही शाबूत राहावेत म्हणतेय.”

लोक हसले, पण मंगळवारी खोदायला सुरुवात झाली. मित्रांनो, मला ओरडता येत नव्हते. शनिवारी हा माणूस माझ्या तड्याजवळ काडी घेऊन वाकणार होता. त्याच्या मागे गाव उभे राहणार होते, पोरेबाळे पुढच्या रांगेत.

गुरुवारपर्यंत मी अर्धी उघडी पडले. दुपारी वादळ आले. आणि त्या वादळात इंजिन बंद पडलेली एक निळी बोट लाटांवर आपटत बंदरात घुसली. ‘स्टेरेन’. बाकीच्या खुंट्यांशी गावच्या बोटी तीन-तीन बांधलेल्या होत्या. मोकळी होते फक्त मी. लोवेनाने धावत जाऊन बोटीवरून आलेले दोन्ही दोर झेलले आणि माझ्या गळ्यात घातले. दोर ताणले गेले. मी मुळासकट हलले, पण उरलेल्या अर्ध्या मातीने मला धरले.

तेवढ्यात डेन्झिल कुऱ्हाड घेऊन आला.

“बाबा, दोर ताणलाय! मागे व्हा!” लोवेना किंचाळली.

ताणलेल्या दोराला धार लावायची नसते, हे इथले शेंबडे पोरही जाणते. डेन्झिलला चाळीस वर्षे माहीत होते. पण रागाच्या भरात त्याने दोन घाव घातले. दुसऱ्या घावाला दोर तुटला, उलटा फिरला आणि त्याच्या उजव्या हाताचे हाड कोपराखाली फोडून त्याला पाण्यात फेकून गेला. लाटेने बोट धक्क्याकडे रेटली. दोहोंच्या मध्ये त्याचा पाय सापडला. तो आवाज मला माझ्या जुन्या दिवसांपासून ओळखीचा होता.

‘स्टेरेन’चा तांडेल एर्वान बोटीच्या कठड्यावरून कमरेपर्यंत खाली लोंबकळला आणि त्याने डेन्झिलची कॉलर पकडली. पुढची लाट आली. एर्वानची दोन बोटे लोखंड आणि दगड यांच्यामध्ये चिरडली, पण कॉलर सुटली नाही.

“सोड मला, बेडक्या!” डेन्झिल ओरडला. इथे फ्रेंचांना बेडूक म्हणून हिणवतात.

“सोडणार,” एर्वान मोडक्यातोडक्या इंग्रजीत दात आवळून म्हणाला. “पहिलं तू वर ये. मग सोडणार.”

त्या वेळी दुसरा दोर सुटला असता तर दोघेही चिरडले असते. मी आयुष्यात कधी इतक्या जोराने काही धरले नव्हते. मी एका बाजूला कलले, माझे बूड मातीतून अर्धे वर आले, पण मी धरून राहिले.

डेन्झिलला वर ओढून धक्क्यावर झोपवले. रक्त माझ्या खड्ड्यात उतरत होते. लोवेना पट्ट्याने त्याची मांडी आवळत होती. माझ्या बुडावरचा चिखल पावसाने धुऊन गेला होता. डेन्झिलने मान वळवली आणि त्याला आधी फूल दिसले, मग फुलातून गेलेला तळहाताएवढा लांब तडा.

“लोवेना,” तो पुटपुटला, “ही तर फ्रेंच आहे.”

“आणि फुटकी आहे, बाबा. शनिवारी तुम्ही पेटवणार होता.”

“पोरं पुढे बसणार होती,” तो म्हणाला आणि हुंदके देऊन रडू लागला. शेजारी एर्वान आपला फुटका हात काखेत दाबून शिव्या घालत होता.

डेन्झिलचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. वसंतात तो कुबड्या घेऊन आला आणि खड्डा बुजवणाऱ्यांच्या डोक्यावर उभा राहून त्याने मला सरळ करून घेतले. एर्वान आणि तो मित्र झाले, असे मी सांगणार नाही. उपसागरातल्या शिंपल्यांवरून दोघे अजून एकमेकांचा उद्धार करतात. जोरीचा डोळाही परत आलेला नाही. पण परवा ‘स्टेरेन’ आली तेव्हा लोवेना जेवायला गेली होती. डेन्झिल बाकावरून उठला, एका कुबडीवर तोल सावरून त्याने दोर माझ्या गळ्यात घातला आणि ओरडला, “दोन वेढे घे, गाढवा! एका वेढ्यानं ही धरत नाही!”

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. मला टेकडीवर नेऊ नका, घासूनपुसून चमकवू नका. शेजाऱ्यांशी भांडण झाले तर माझ्याकडे येऊन माझ्या पराक्रमाच्या गोष्टी सांगू नका, कारण त्या मला ठाऊक आहेत. कुणाचाही दोर असो, माझ्या गळ्यात घाला. फक्त माझ्या तोंडातला गोळा काढू नका.