सत्काराच्या फोटोतला डावा हात

झुलालनाना एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. धुळे स्थानकावरून एकतीस वर्षं त्यांनी माइकवर गाड्या सोडल्या. निवृत्तीनंतर गाड्या सुटायच्या थांबल्या नाहीत, पण नानांचा माइक सुटला, आणि ही उणीव त्यांनी सोनगीरला येऊन भरून काढली. गावात कुणी बारावी पास झालं, कुणाची बदली झाली, कुणाची झालेली बदली रद्द झाली, की नाना सत्कार ठेवत. टोपी, टॉवेल, नारळ आणि गावच्याच घडणीचा पितळी तांब्या. तांब्यावर मजकूर कोरून घेतल्याशिवाय तो द्यायचा नाही, असा त्यांचा दंडक होता. कागद फाटतो, फ्लेक्स कांद्यावर झाकायला जातो, पितळ मात्र राहतं, असं ते म्हणत. हे म्हणणं पुढे त्यांच्याच अंगाशी आलं.

त्यांच्या बायकोचं, तानुबाईंचं, पिशवीचं ऑपरेशन देवपूरच्या एका खाजगी दवाखान्यात झालं आणि त्या आपल्या पायांनी चालत घरी आल्या. त्यामुळे डॉक्टरांचा सत्कार होणार हे ठरल्यासारखंच होतं. डॉक्टरांचं नाव इथे नको. फ्लेक्सवर ते दीड फुटी अक्षरांत लागलं होतं, तेवढं पुरे.

तानुबाईंची हरकत फक्त मजकुराला होती. "बठ्ठा गावले मन्ही पिशवी सांगशात का?" त्या म्हणाल्या. नानांनी 'पिशवी' काढून 'अवघड शस्त्रक्रिया' केलं. तांब्यावर कोरलं गेलं ते असं: 'आपल्या हातून झालेल्या अवघड शस्त्रक्रियेबद्दल सप्रेम भेट. श्री. झुलाल व सौ. तानुबाई, सोनगीर.' खाली ऑपरेशनची तारीख.

ऑपरेशननंतर बाविसाव्या दिवशी गावातल्या सभागृहात कार्यक्रम झाला. नऊ भाषणं झाली. तानुबाई पहिल्या रांगेत नव्हे, थेट स्टेजवर, प्लास्टिकच्या खुर्चीत, पुरावा म्हणून बसवल्या होत्या. चौथ्या भाषणाला त्या नानांकडे झुकल्या.

"पोटमा काही टोची ऱ्हायनं."

नानांनी आधी माइकवर तळहात ठेवला. एकतीस वर्षांचा अनुभव होता. मग म्हणाले, "फोटो होऊ दे. सरळ बस."

तानुबाई सरळ बसल्या. फोटो झाला.

त्यानंतर अकरा महिने पोट दुखलं. नानांनी पहिल्याच आठवड्यात निदान केलं की गॅस आहे. ओवा झाला, हिंग झालं, इसबगोल झालं. देवपूरच्या डॉक्टरांकडे तीन चकरा झाल्या. पहिल्यांदा डॉक्टर म्हणाले, आतले टाके भरताहेत. दुसऱ्यांदा म्हणाले, वयाचं आहे. तिसऱ्यांदा त्यांनी नानांना बाजूला घेतलं आणि म्हणाले, "मनाचं आहे, नाना. त्यांचं मन रमवा." नानांनी टी.व्ही.चं मोठं पॅकेज घेतलं. तानुबाई पोटावर उशी दाबून मालिका बघू लागल्या. पुढेपुढे त्यांनी दुखतंय हे सांगणं बंद केलं. त्याचा अर्थ नानांनी, बरं वाटतंय, असा घेतला.

दिवाळीत त्या जळगावला मुलीकडे गेल्या. मुलगी पुनम शाळेत शिक्षिका आहे. आई एका हाताने पोळी लाटतेय हे तिच्या लक्षात आलं, कारण पोळी गोल होत नव्हती. दुसऱ्या दिवशी तिने स्कॅन करून घेतला, आणि पाचव्या दिवशी जळगावच्या एका सर्जनबाईंनी तानुबाईंचं पोट पुन्हा उघडलं.

आत कापड होतं. ऑपरेशनमध्ये रक्त टिपायला वापरतात तो जाड चौकोनी तुकडा, घडी पडलेला. बाईंनी तो स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवून नानांना आणि पुनमला दाखवला, फोटो काढला, बरणीत घालून तपासणीला पाठवला आणि कागदावर लिहिलं: पोटातून बाह्य वस्तू काढली.

पुनमने ते आईला वाचून दाखवलं.

"बाहेरनी कशी?" तानुबाई पडल्यापडल्या म्हणाल्या. "अकरा महिना मन्हा पोटमा व्हती." मग छताकडे बघत म्हणाल्या, "मन्हं दुखणं खरं व्हतं, हाई कोणीतरी लिखी द्या. बाकी माले काही नको."

बाहेरच्या बाकावर बसून नानांनी भेटीच्या वेळांचा फलक चार वेळा वाचला.

लिहून घ्यायला ते आधी देवपूरलाच गेले. कोर्टकचेरीची गरज पडणार नाही, अशी त्यांची समजूत होती. आपण माणसाला तांब्या दिलाय. तांब्या दर्शनी काचेच्या कपाटात होता. डॉक्टरांनी चहा मागवला.

"नाना, हे आमचंच कापड कशावरून?"

"तिच्या पोटात दुसरं कुणी गेलं नव्हतं, साहेब."

"रेकॉर्ड बघावं लागेल."

"बघा. पण दोन ओळी लिहून द्या. कापड राहिलं, तिला दुखत होतं. मी तिला नेऊन दाखवतो. विषय संपला."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे एखाद्या निरागस मुलाकडे बघावं तसं पाहिलं. "असं लिहून कोण देतं, नाना?"

तेव्हा पुनमने दोघांना साक्षी नावाच्या वकिलांकडे नेलं. पुनमची कॉलेजची मैत्रीण, धुळ्याला कोर्टाजवळ ऑफिस. वकीलताईंनी बरणीचा अहवाल वाचला, दोन्ही दवाखान्यांचे कागद वाचले आणि रस्ते सांगितले. पोलिसात जाता येतं, पण आधी सरकारी डॉक्टरांच्या समितीचं मत लागतं. वैद्यकीय परिषदेत तक्रार करता येते, तिथे डॉक्टरांच्या परवान्यावर येईल, पण अक्कांच्या, म्हणजे तानुबाईंच्या, हातात काही पडेल असं नाही. तिसरा रस्ता ग्राहक आयोगाचा. मुदत दोन वर्षांची, अक्का धुळे जिल्ह्यात राहतात म्हणून केस इथेच चालेल.

"लिखी कोन देस?" तानुबाईंनी विचारलं.

"निकाल लेखी असतो, अक्का. आयोगच देतो."

"मंग तेच करा."

देवपूरच्या कागदांत नर्सने नोंद केली होती: कापडं दहा वापरली, दहा मोजून परत, मोजणी बरोबर. साक्षी म्हणाली, "मग हे अकरावं कुठून आलं ते त्यांना सांगू दे." ऑपरेशन कुणी केलं त्या रकान्यात नाव नव्हतं, कोळ्याने पाय झटकावेत तशी एक सही होती.

"आता एक सांगा, नाना. डॉक्टरांना तुम्ही लेखी काही दिलंय का? आभाराचं पत्र वगैरे?"

"लेखी म्हणजे कागदावर?"

"हो."

"कागदावर नाही," नाना म्हणाले. हे शब्दशः खरं होतं. तानुबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मग पंख्याकडे.

डॉक्टरांना उत्तर द्यायला पंचेचाळीस दिवस होते. उत्तर चव्वेचाळिसाव्या दिवशी आलं. सोबत सत्काराचा फोटो जोडला होता आणि तांब्याचा वेगळा, जवळून काढलेला. दुपारी साक्षीचा फोन आला.

"नाना, तांब्याचं मला सांगायचं राहिलं का तुमच्याकडून?"

"तुम्ही कागदाचं विचारलं होतं, ताई."

ती म्हणाली, "उद्या दोघं या."

उत्तरात तीन मुद्दे होते. एक, पेशंट इतकी समाधानी होती की तिने जाहीर सत्कार केला, तांब्यावर तसं कोरून दिलं. दोन, शस्त्रक्रिया बाहेरून आलेल्या सर्जनने केली, दवाखान्याने फक्त खोली दिली. त्या सर्जनचा सध्याचा पत्ता माहीत नाही. तीन, सत्काराच्या दिवशी पेशंट ठणठणीत होती, तेव्हा कापड पुढे कुठे गेलं असेल ते दुसरीकडे विचारावं.

नानांचा चेहरा उतरला. "माझ्यामुळे बुडालं," ते म्हणाले.

साक्षी पुन्हा पहिल्या पानावर गेली, मग दुसऱ्यावर, मग पुन्हा पहिल्यावर. पेन्सिल घेऊन तिने 'आपल्या हातून झालेल्या' हे शब्द अधोरेखित केले.

"डॉक्टरांनी तांब्या घेतला तेव्हा म्हणाले का, की हे हात माझे नाहीत?"

"नाही बुवा. वीस मिनिटं बोलले. हातांवरच बोलले. देवाने दिलेत म्हणाले."

"मग पहिल्या मुद्द्याने दुसरा मुद्दा खाल्ला," साक्षी म्हणाली. "राहिला तिसरा."

तिने फोटो टेबलावर सरकवला. सगळे कॅमेऱ्याकडे बघत होते. डॉक्टरांच्या हातात तांब्या, नाना तांब्यापेक्षा जास्त चमकत होते. तानुबाई खाली बघत होत्या, आणि त्यांचा डावा हात पदराआड पोटावर दाबलेला होता. हा फोटो नानांच्या घरी भिंतीवर होता. रोज त्याच्याखाली बसून ते चहा घेत.

"अक्का, हा हात असा का?"

तानुबाई म्हणाल्या, "त्यासले इचारा."

साक्षीने नानांकडे पाहिलं. नानांनी टेबलावरचा पेपरवेट उचलून दुसरीकडे ठेवला, मग परत जागेवर आणला. आणि सांगितलं.

"हे तुमच्या प्रतिज्ञापत्रात यायला हवं," साक्षी म्हणाली. "नुसत्या फोटोला ते म्हणतील, बाई पदर सावरत होत्या. पण शपथेवर आहे, नाना. अर्धं लिहिता येणार नाही. आणि त्याची प्रत त्यांना जाते. तिथून गावात जायला वेळ लागत नाही."

नाना विचारात पडले. गावात त्यांना अजून लोक बायकोच्या ऑपरेशनला जाहीर कार्यक्रम करणारा माणूस म्हणून ओळखत होते. असा नवरा पंचक्रोशीत नाही, असं सहाव्या वक्त्याने म्हटलंही होतं.

"सरळ बस म्हटलं, त्याऐवजी 'धीर दिला' चालेल?"

"दिला होता?"

"नाही."

"ऱ्हाऊ द्या ताई," तानुबाई उठता उठता म्हणाल्या. "त्यासनी इज्जत जाई." आवाजात राग नव्हता. अकरा महिने दुखणं आवरलं तसंच त्यांनी हेही आवरून ठेवलं होतं.

नाना उठले नाहीत. त्यांनी घसा साफ केला आणि शिरपूर गाडी फलाट तीनवर लागल्याचं सांगावं तशा आवाजात, एकही शब्द न गाळता सांगू लागले: "पत्नीने मला स्टेजवर पोटात टोचत असल्याचे सांगितले. मी तिला फोटो होईपर्यंत सरळ बसण्यास सांगितले. पुढील अकरा महिने ती सांगत राहिली व मी गॅस आहे असे म्हणत राहिलो. लिहिलं का, ताई?"

"लिहिलं."

"शेवटी ती सांगेनाशी झाली, ते बरं वाटत होतं म्हणून नव्हे. तेही घ्या."

तानुबाई परत खुर्चीत बसल्या.

सुनावणीला आयोगाने मूळ तांब्या मागवला. डॉक्टरांच्या वकिलांनी तो पिशवीतून आणला. दवाखान्यातल्या मावशींनी साहेबांची वस्तू कोर्टात जाणार म्हणून चिंच लावून घासला होता, त्यामुळे अक्षर न् अक्षर लख्ख दिसत होतं. अध्यक्षांनी तो फिरवून दोनदा वाचला.

डॉक्टरांचे वकील म्हणाले, "सर, सत्काराची भाषा अशीच असते. ती शब्दशः घ्यायची नसते."

"पहिल्या मुद्द्यात तुम्ही शब्दशःच घेतली आहे," अध्यक्ष म्हणाले.

मग त्यांनी नानांना विचारलं, हे प्रतिज्ञापत्र तुमचंच का. नाना काहीतरी म्हणाले. ते कुणालाच ऐकू गेलं नाही.

"जरा मोठ्याने बोला."

हे वाक्य नानांना आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी म्हणत होतं. "माझंच आहे," ते म्हणाले.

चार महिन्यांनी निकाल आला. पोटात राहिलेलं कापड स्वतःच सगळं सांगतं, त्यासाठी आणखी तज्ज्ञ नको, असं आयोगाने लिहिलं. हात कुणाचे, हे तांब्यावरून ठरलं. भरपाईचा आदेश झाला आणि डॉक्टर त्यावर वरच्या आयोगात अपिलात गेले. ते अजून चालू आहे. रक्कम किती, हे तानुबाईंनी विचारलं नाही. पुनमने त्यांना अठरावा परिच्छेद वाचून दाखवला: 'सत्काराच्या दिवशी तसेच त्यानंतरही तक्रारदार महिलेस वेदना होत होत्या, असे आयोगाचे स्पष्ट मत आहे.'

"परत वाच," तानुबाई म्हणाल्या.

पुनमने परत वाचला. तानुबाईंनी तो कागद घेतला, भिंतीवरचा सत्काराचा फोटो उतरवला, चौकटीतून फोटो काढून कागद आत घातला आणि पुन्हा खिळ्याला लावला. नानांनी खुर्ची धरली.

चारसहा दिवसांनी नाना अंगणात फोनवर बोलताना ऐकू आले. सभागृह, नारळ, वकीलताई, असे शब्द येत होते. तानुबाई तांदूळ निवडत होत्या.

"वकीलताईचा सत्कार ठेवू म्हणतो," नाना आत येऊन म्हणाले. "तांब्या कोरायला टाकतो."

"आधी त्या पोरले इचारा," तानुबाई मान वर न करता म्हणाल्या, "तिनं काही दुखत तं नही ना."

नानांनी तिथेच उभं राहून साक्षीला फोन लावला आणि विचारलं.

"माझं?" साक्षी गोंधळली. "कंबर दुखते थोडी. दिवसभर कोर्टात बसून. का हो, नाना?"

"काही नाही," नाना म्हणाले. "मग राहू द्या. तुम्ही आडव्या व्हा."