सातवा मेसेज

देवाजी मामाले मेसेज नाही गेला, आन् माही नोकरी जायची वेळ आली. एवढीच गोष्ट. पन गुडीहत्नूरच्या ऑफिसात ती अशी चघळली, जसा मी कोनाचा खूनच केला.

आमची शेतकऱ्यायची कंपनी हाय. दसऱ्याच्या सुमारास सोयाबीन निघते, ते साफ कराले सगळे आमच्या गोदामातल्या मशीनवर आनतात. गर्दी नको म्हनून नंबर लावतो. मी, मयूरी, तिथली एकटी कॉम्प्युटरवाली. मी तीन टूल एकमेकायले जोडले. पहिलं शेतकऱ्यानं मोबाईलवर भरलेला फॉर्म उचलते, दुसरं नंबर लावते, तिसरं ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून एकेकाले व्हॉट्सॲप पाठवते. मानसानं हात लावाचं कामच नाही. याची मी एवढी फुशारकी मारली होती का आता सांगाची लाज वाटते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीचे सात नंबर होते. मेसेज खंडेनवमीले दुपारी चारले जानार होते. सहा गेले. सातवे देवाजी मामा, ते राह्यले. मामानं येऊन अध्यक्षापुढं बोंब ठोकली.

अध्यक्ष म्हनजे वामनराव काका. त्यायनं चौकशी बी केली नाही. "पोरगी सनाच्या घाईत बटन दाबाले विसरली," म्हने. बटन! अवो, तीन महिने घसा कोरडा करून सांगून राह्यली का बटनच नाही! पन ऐकते कोन? शनिवारी संचालकायची बैठक, तिथं मले काढून काकाच्या भाच्याले बसवाचं, हे समोरच्या चहावाल्याले बी ठाऊक. त्या भाच्याले मोबाईल चार्जिंगले लावता येते, तेवढंच येते. माह्या तीन महिन्यायच्या कामावर तो पाय पसरून बसन, हे मनात आलं का मले जेवन जात नव्हतं.

एकच उपाय होता. प्रत्येक टूल आपली आपली नोंद ठेवते, कोनतं काम कवा चाललं, जमलं का फसलं. त्याले लॉग म्हनतात. पन तिघायच्या तीन तऱ्हा. पहिल्याचं घड्याळ विलायती, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. दुसरं आपल्या टायमावर. तिसऱ्यानं ऑफिसच्या कॉम्प्युटरचा टाइम धरला, आन् तो काकानं पंधरा मिनिटं पुढं करून ठेवला. काऊन? लोकं टाइमावर यावे म्हनून. भिंतीवरचं घड्याळ पुढं ठेवतात, तसंच. तिन्ही लॉग छापले, गोदामाच्या फरशीवर पसरले, आन् गुडघे टेकून, स्केचपेन घेऊन एकेक ओळ एकाच टायमात आनत बसली.

मी लाल शोधून राह्यली होती. काम फसलं का लाल ओळ येते. लाल एक बी नव्हती. सहा नावं, सहा हिरवे टिक, चार वाजून दोन मिनिटं. सातव्याची ओळच नाही. जमल्याची नाही, फसल्याची बी नाही. त्याच्या खाली एकदम दोन दिवसांनी सकाळी कॉम्प्युटर सुरू झाल्याची ओळ. तवा माह्या डोक्यात आलं. जे चाललंच नाही, ते लिवन कोन?

शनिवारी तो कागद मी बैठकीत टेबलावर आपटला. "चार वाजून दोन मिनिटाले कॉम्प्युटर बंद पडला. लाईट होती. कोनीतरी वायर उपटली."

"खंडेनवमीले ऑफिसात येईन कोन?" काका गरजले. "पूजेले आलो तेवढेच..." आन् मधीच थांबले.

रेणुका काकू, म्हनजे काकाची बायको, संचालकच हाय. चश्मा पुसत म्हनल्या, "मीच उपटली."

"तू?"

"खंडेनवमीले औजार चालवते का कोनी? ट्रॅक्टर उभा केला, मशीन बंद केली, सगळ्यायले हळद-कुंकू लावलं. आन् हा डबा एकटाच घुर्र घुर्र करून राह्यला. म्हनलं, बापा, तू बी घे एक दिवस सुट्टी. दसरा झाल्यावर आठवनीनं लावली बी परत."

"काकू, मले सांगाचं ना!" मी ओरडलीच.

"सांगाले काय, तू तिथंच होती. परसादाचा शिरा खाऊन राह्यली होती."

होती. खरं हाय. दोनदा घेतला होता.

काकानं कागदाची घडी करून खिशात घातली. भाच्याचं नाव मंग कोनीच काढलं नाही. "पोरीचं काम बरोबर हाय," एवढं पुटपुटले, ते बी छताकडे पाहून. माह्या जीवात जीव आला. दाराजवळ देवाजी मामा टोपी मांडीवर घेऊन बसले होते. काकानं त्यायले हात जोडले. "मामा, चूक आमची. तुमचं नुकसान झालं."

"नुकसान कायचं? मी तर दसऱ्यापासून किनवटले लेकीकडे होतो. चार दिवसांनी आलो."

मले वाटलं, हा टेबल उचलावा. "मंग तक्रार काऊन केली?"

"सहा जनायले बोलावनं गेलं," मामा म्हनले, आन् आवाज बारीक झाला. "म्या येवो का न येवो, ते माह्यं मी पाहीन. पन बोलावनं तर यावं का नाही? मी काय या गावचा नाही?"

राग कुठल्या कुठं गेला. उठली, त्यायच्या समोर गेली. "मामा, सोमवारी सकाळी दहाले तुमचा नंबर हाय. नक्की या."

"मोबाईलवर बी पाठवजो," मामा म्हनले.

पाठवला. सोमवारी दहाच्या ठोक्याले मामा हजर. धुतलेलं धोतर, नवी टोपी, हात रिकामे.

"मामा, सोयाबीन?"

"ते तर किनवटहून आल्या आल्याच विकलं," मामा खुर्ची ओढत म्हनले. "पन तू एवढं बोलावलं, आन् मी न यावं?"