एल्सपेथसारखं ताठ

आमच्या गावचं गोल्फचं मैदान कुणा एकाच्या मालकीचं नाही, म्हणूनच तिथे प्रत्येक जण मालकासारखा बोलतो. समुद्र आणि गाव यांच्यामध्ये वाळूवर वाढलेलं गवत, गवतात अठरा होल, आणि कडेच्या दगडी भिंतीला टेकून उभे असलेले शहाणे. कुत्रा फिरवायला निघालेला माणूससुद्धा तुमचा फटका बघायला थांबणार आणि सल्ला ठेवून जाणार. उचलली जीभ, लावली टाळ्याला!

लोर्ना मेअरला मात्र सगळ्या गावाचा मिळून एकच सल्ला होता. "जरा ताठ उभी राहा गं. एल्सपेथसारखी."

एल्सपेथ म्हणजे तिची आई. उंच, लांब पायांची, सडपातळ बाई. चेंडूपाशी उभी राहिली की बोलणारी माणसं आपोआप गप्प व्हायची. तिचा स्विंग, म्हणजे स्टिक फिरवायची तिची ती लकब, बघायला शेजारच्या गावाहून लोक येत. तीन वर्षांपूर्वी थंडीत ती आजारी पडली आणि वसंत यायच्या आत गेली. तिच्या लांब लांब स्टिका लोर्नाकडे आल्या.

आता देवाची करणी बघा. लोर्नाला नाक आईचं, तांबूस केस आईचे, आणि मानेखालचं सगळं बापाचं. डूगल मेअरचा जन्म नावेतून शेवंडांचे पिंजरे ओढण्यात गेलेला. पाय आखूड, पाठ फळीसारखी रुंद, आणि हात गुडघ्याला टेकतात की काय इतके लांब. असला देह एल्सपेथच्या स्टिकांना जुळवायचा म्हणजे खांदे कानापर्यंत ओढायचे, गुडघे ताठ करायचे आणि श्वास रोखायचा. इतकं करूनही स्टिकचं टोक हवेतच राही आणि चेंडू डावीकडे काटेरी झुडपांत जाऊन बसे. लोर्ना औषधांच्या दुकानात कामाला होती. पाठीला लावायच्या मलमाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक तीच.

मग सोडत का नव्हती? बापासाठी.

बायको गेल्यावर डूगल खिडकीशी जो बसला तो बसलाच. विचारलं तर हो, नाही. पुढे काही नाही. एका संध्याकाळी लोर्ना आईच्या स्टिका घेऊन निघाली, तर हा टोपी घालून मागोमाग आला आणि सोळाव्या टीजवळ, म्हणजे त्या होलचा पहिला फटका मारतात तिथे, भिंतीला टेकून उभा राहिला. घरी परत जाताना वाटभर बोलला. वाऱ्याबद्दल, खेकड्यांबद्दल, अगदी फालतू गोष्टी, पण बोलला! लोर्नाने मनाशी खूणगाठ बांधली: बाबांना माझ्यात आई दिसते. तेव्हापासून तो रोज भिंतीशी यायचा आणि ती रोज आई व्हायची. पाठ गेली खड्ड्यात.

यंदा क्लबात शीना नावाची नवी शिक्षिका आली. तिने लोर्नाचे चार फटके बघितले आणि स्टिक काढून घेतली.

"हात नुसते सोड. लोंबू देत."

लोर्नाने सोडले.

"हे बघ, तुझे हात इथे येतात. मग स्टिकची मूठही इथेच यायला हवी. ही स्टिक दुसऱ्या कुणाच्या तरी मापाची आहे, आणि उभी राहतेस तीही दुसऱ्या कुणासारखी. पाय रुंद टाक. कमरेतून वाक. बूड मागे. लाजू नकोस गं, इथे कोण बघतंय!"

शीनाने एक आखूड स्टिक दिली. लोर्नाने ती अंगाभोवती फिरवली, विळ्याने गवत कापावं तशी आडवी. चेंडू सरळ गेला. इतका सरळ की लोर्ना मागे वळून म्हणाली, "हा मी मारला?"

"नाही, माझ्या आजीने," शीना म्हणाली.

झालं, तेव्हापासून लोर्नाचा दुहेरी संसार सुरू झाला. सकाळी दुकान उघडायच्या आधी मैदानाच्या पार त्या टोकाला आपला स्विंग, संध्याकाळी भिंतीशी आईचा. पिशवीत दोघींच्या स्टिका. सकाळचा चोरून केल्यासारखा वाटे आणि संध्याकाळचा खोटा वाटे. बाबांना कसं सांगायचं? सांगायचं म्हणजे आईला पुन्हा घराबाहेर काढायचं. तिला ते जमेना.

आणि अशातच लोर्ना बायकांच्या स्पर्धेत अंतिम फेरीला पोहोचली. जास्त होल जिंकेल तिची लढत, आणि आधीच्या लढती सोळाव्या टीच्या आतच निकालात निघाल्या होत्या. समोर विनी लीच, मागच्या वर्षीची विजेती. पंधरा होल लोर्ना आपल्या स्विंगने खेळली आणि दोन होलांनी पुढे होती. मग सोळावी टी आली. भिंतीवर अर्धं गाव, आणि गावाच्या मधोमध टोपी घातलेला डूगल.

लोर्नाने आखूड स्टिक परत पिशवीत टाकली आणि आईची काढली.

चेंडू झुडपांत. होल विनीचं. सतराव्यालाही तेच. डूगल भिंतीच्या कडेकडेने बरोबर चालत होता. आता दोघी बरोबरीत, आणि उरलेलं होल एकच. शीना लांबून हातवारे करत होती, पण लोर्नाने तिच्याकडे बघायचंच टाळलं.

अठराव्या टीवर तिने पुन्हा खांदे वर ओढले. पाठीत अशी कळ आली की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. आणि नेमकं तेव्हाच म्हातारा बर्टी फिंडले भिंतीवरून ओरडला, "ताठ, लोर्ना, ताठ! एल्सपेथसारखी!"

"बर्टीकाका, एल्सपेथ मेली!"

तिचं तिलाच कळलं नाही ते कसं बाहेर आलं. घरात तीन वर्षं हा शब्द कुणी उच्चारला नव्हता, आणि तिने तो बापाच्या तोंडावर, सगळ्या गावासमोर फेकला होता. आता राहिलंच काय? तिने लांब स्टिक खाली टाकली, आखूड घेतली, पाय रुंद रोवले, बूड मागे टाकलं आणि मारलं.

चेंडू मैदानाच्या मधोमध पडला. लोक ओरडले. लोर्नाने आधी भिंतीकडे पाहिलं. डूगल तिथे नव्हता.

ती जिंकली. कपाबरोबर फोटो काढून घेतला, कुणाकुणाचे हात हातात घेतले, आणि त्यातलं तिला काही आठवत नाही. मग ती घरी आली. डूगल स्वयंपाकघरात हॅडक माशाचं दुधातलं सूप ढवळत होता. त्याची पाठ तिच्याकडे होती.

"जिंकलीस?"

"हो. बाबा, मी तसं बोलायला नको होतं. तुम्ही निघून गेलात..."

"त्याने नाही गेलो." त्याने पळी ठेवली. "तू पाय फाकून, बूड टाकून उभी राहिलीस आणि मला वाटलं, अरे, हा तर मीच नावेत उभा आहे! हसूच फुटलं. हसता हसता रडू यायला लागलं. त्या बर्टीसमोर कोण रडणार? पळालो."

"पण तुम्हाला आईचा स्विंग बघायचा असायचा. रोज यायचात."

डूगल वळला आणि ती खुळी असल्यासारखा तिच्याकडे बघत राहिला.

"एल्सपेथचा स्विंग? तुझा तो? अगं, त्यात एल्सपेथ औषधालासुद्धा नव्हती! तुझी पाठ दुखतेय हे मला भिंतीवरून दिसायचं. पण तू जीव तोडून करत होतीस. म्हटलं, पोरीला आई हवीय. बघणारंही कुणी नसेल तर हिचं कसं व्हायचं? म्हणून यायचो. गुडघा शिव्या द्यायचा तरी यायचो."

लोर्ना खुर्चीत बसली. "म्हणजे मी तुमच्यासाठी पाठ मोडत होते..."

"आणि मी तुझ्यासाठी गुडघा. दोघंही शुद्ध गाढव."

ती हसली. तोही हसला. मग त्याने शेगडी बंद केली आणि तिच्यासमोर येऊन बसला.

"गेली गं ती, लोर्ना."

"हो बाबा."

"किती ताठ उभी राहायची."

"हो ना."

मग दोघंही रडले. मनसोक्त, आवाज करून, तीन वर्षांचं साठलेलं. सूप गार झालं आणि त्याला साय धरली. डूगलने टेबलावरच्या फडक्याने आधी तिचं तोंड पुसलं, मग आपलं.

"बाबा, उद्यापासून घरीच बसा. गुडघ्याला आराम द्या."

"छट्! घरी कशाला बसू?" डूगल म्हणाला. "बघण्यासारखं तर आत्ता कुठे झालंय."