प्रार्थनाघराचं कुलूप

सुनीलला राज्यमंत्रीपदाचा दर्जा मिळाला त्या दिवशी आमच्या सावेडीच्या घरात पुष्पगुच्छ ठेवायला जागा उरली नाही, आणि माझ्या ओळखीचं एकही माणूस आलं नाही. आले ते सगळे पक्षाचे. सोफ्यावर बसले, पेढे खाल्ले, सुनीलबरोबर फोटो काढले आणि 'वहिनी, चहा फक्कड' म्हणून गेले. चर्चमधलं कुणी नाही. पाळकसाहेब नाहीत, महिला मंडळातल्या बायका नाहीत, मागच्या गल्लीतली माझी मैत्रीण रेश्मासुद्धा नाही. एरवी माझ्याकडे नवा कुकर आला तरी बघायला येणारी बाई ती.

सुनील पाटोळे माझा नवरा. कॉलेजात बरोबर होतो, त्यामुळे अजून अरे-तुरे. त्याची उभी हयात पक्षात गेली. सतरंज्या उचलण्यापासून सुरुवात केली आणि केस पिकेपर्यंत अल्पसंख्याक सेलच्या पलीकडे त्याला कुणी सरकू दिलं नाही. आमच्या जिल्ह्यातले पक्षाचे सर्वेसर्वा म्हणजे आबासाहेब. दर नाताळाला ते आमच्याकडे येत, केकचा तुकडा ओठाशी धरून फोटोग्राफरकडे बघत आणि तुकडा तसाच बशीत ठेवून जात. भाषणात सुनीलचा उल्लेख 'आमचे ख्रिस्ती बांधव सुनील पाटोळे' असाच. नुसता सुनील पाटोळे कधी नाही. मी त्यावरून त्याला चिडवायची, 'बांधव, येताना कोथिंबीर आणा.' तो हसायचा. मला मात्र ते लागायचं, आणि त्यालाही लागत असणार.

आता सरकारने अल्पसंख्याकांच्या प्रश्नांसाठी एक समिती काढली होती आणि तिचं अध्यक्षपद त्याला मिळालं होतं. सरकारी गाडी, मागे पोलिसांची जीप, मुंबईला कार्यालय. माणसं का आली नाहीत, ते मला ठाऊक होतं. तरी मी दिवसभर दाराकडे बघत होते.

घोडेगावच्या पुढे आत वळलं की आमचं गाव. सुनीलची आई, छबूबाई, तिथेच राहते. नगरला चल म्हटलं की म्हणते, 'तितं माझं कोन हाय?' आम्ही दोघं तिच्या हिशोबात नसतोच. गावात ख्रिस्ती घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यांचं पत्र्याचं एक प्रार्थनाघर आहे, आईच्या अंगणाला लागून. ते आईच झाडायची. नाताळाआधी गावातल्या काही पोरांनी ओरड केली की इथे धर्मांतर चालतं. सकाळी बघतो तर दाराला भलंमोठं कुलूप. कुणी लावलं ते कुणी सांगेना. किल्ली कुणाकडे तेही कुणी सांगेना. पोलीस म्हणाले, वातावरण निवळू द्या. तेव्हापासून आई आणि बाकीच्या बायका रविवारी अंगणातल्या कडुलिंबाखाली गोणपाटं टाकून बसायच्या, आवाज न करता गायच्या.

एका वाहिनीवाल्याने सुनीलला विचारलं, तुमच्याच गावात प्रार्थनाघराला कुलूप लावलंय हे खरं का? सुनील हसून म्हणाला, 'असं काही नाही. आमच्या जिल्ह्यात सगळे गुण्यागोविंदाने राहतात.' त्याच आठवड्यात नेमणूक झाली.

त्या रविवारी चर्चमध्ये आमच्या बाकावर आमच्या शेजारी कुणी बसलं नाही. उपासना संपल्यावर आमच्याकडे एकमेकांना सलाम करायची रीत आहे. लोकांनी केला, नाही असं नाही, पण तो हवेला केला. मी रेश्माला गाठलं.

"इतक्या वर्षांनी आपल्या माणसाला पद मिळालंय. तुम्हाला जरासुद्धा आनंद नाही?"

"आपल्या?" ती म्हणाली. "मोनिका, तुझी सासू उघड्यावर बसून प्रार्थना करते आणि तुझा नवरा म्हणतो सगळं छान आहे. त्यावर आम्ही टाळ्या वाजवायच्या का?"

माझ्या तोंडाला कुलूप लागलं असं मी म्हणणार नाही, कारण मी तिला बरंच काही बोलले. त्यातलं एकही खरं नव्हतं. घरी आल्यावर तोच राग मी सुनीलवर काढला.

"आधी खुर्ची, मग कुलूप," तो शांतपणे म्हणाला. "बाहेर उभं राहून ओरडणाऱ्याचं कोण ऐकतं? आता बघ, एका फोनवर काढतो."

मला ते पटलं. इतकं पटलं की मी त्याला शिरा करून घातला.

फोनवर काम झालं नाही. आबासाहेब म्हणाले, जोडीने घरी या. त्यांच्या बैठकीत आम्हाला खुर्च्या दिल्या, सरबत दिलं. सुनीलने विषय काढला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरीचं आश्चर्य होतं.

"कुठलं कुलूप, सुनीलराव? तुम्हीच सगळ्या महाराष्ट्राला सांगितलंत की असं काही नाही. आता मी माणसं पाठवून ते काढायला लावलं तर उद्या पेपरात काय येईल? पाटोळे खोटं बोलले. तुमच्या शब्दाला आम्हीच जपायचं नाही तर कुणी जपायचं?"

"पण आबासाहेब, आई..."

"आईसाहेबांना नमस्कार सांगा. आणि वहिनी, तुम्ही काही घेतलं नाहीत."

माणूस ओरडला असता तर बरं झालं असतं, आपल्यालाही ओरडता आलं असतं.  गाडीत सुनील खिडकीबाहेर बघत होता आणि पहिल्यांदाच मला तो म्हातारा वाटला. पक्षात त्याला एकही मित्र नव्हता ज्याला तो हे सांगू शकला असता. चर्चमध्ये तर आता कुणीच नव्हतं. होते ती एकटी मी, आणि मी त्याला काय सांगणार?

शनिवारी तो दाढी करता करता म्हणाला, "उद्या गावाला जाऊ. मी पत्रकारांना तिथेच बोलावलंय. कुलपासमोर उभा राहून सांगतो की मी चुकीचं बोललो."

"पद जाईल."

"जाईल."

त्या दिवशी स्वयंपाक करताना मी गात होते. इतकी वर्षं ज्या माणसाची मी वाट बघत होते तो माझ्या न्हाणीघरात दाढी करत होता. मला फार अभिमान वाटला त्याचा.

रविवारी आमची गाडी गावात शिरली, मागे पोलिसांची जीप. कडुलिंबाखाली बायका बसलेल्या लांबूनच दिसल्या. त्यांना मात्र आधी जीप दिसली. सगळ्या भराभर उठल्या, डोक्यावरचे पदर सावरत मागच्या शेतातून निघून गेल्या. एकीने तर चपलासुद्धा मागे टाकल्या. आईचे गुडघे धरलेले, तिला पटकन उठता आलं नाही. ती एकटी गोणपाटावर बसून राहिली आणि मागे ते दार होतं.

सुनील उतरून तिच्या पाया पडला. पत्रकार आधीच येऊन थांबले होते, त्यांनी गराडा घातला. सुनीलने ओठ चावला, मग घसा साफ केला. तो बोलणार तेवढ्यात त्यांतल्या एका उतावळ्याने माइक आईच्या तोंडापुढे नेला.

"आजी, या दाराला कुलूप कुणी लावलं?"

आईने माइककडे बघितलं. मग सुनीलकडे, त्याच्या कडक इस्त्रीच्या सदऱ्याकडे, त्याच्या मागे उभ्या असलेल्या पोलिसाकडे.

"कुलूप व्हय?" ती म्हणाली. "म्याच लावलंय की. कुत्री शिरत्यात आत, घान करत्यात."

"मग किल्ली?"

"हारपली. म्हातारं मानूस, इसरते." आणि मग माइकच्या अगदी जवळ तोंड नेऊन, ठासून, "माझा ल्योक बोलला ते खरं हाय. हितं कुनाचा कुनाला तरास न्हाई."

सगळे सुनीलकडे वळले. त्याचं तोंड अर्धवट उघडं होतं. आता खरं बोलायचं म्हणजे जन्मदात्या आईला चारचौघांत खोटं पाडायचं. मी मनातल्या मनात म्हणत होते, बोल, अरे बोल, तिला मी नंतर समजावीन. त्याने तोंड मिटलं. पत्रकारांना वाटलं साहेबांना गहिवरून आलं, तसे दोन फोटो त्यांनी घेतले आणि ते गेले. आबासाहेबांचा फोन लगेच आला. मला शेजारून ऐकू येत होतं. "आईसाहेबांनी छान सांभाळलं हो, सुनीलराव."

मी चुलीपाशी आईला गाठलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता.

"आई, तो बोलणार होता! त्यासाठीच आला होता तो!"

"मला कळलं की. ल्हानपनी बी खरं बोलायच्या आदी असंच व्हट चावायचा."

"मग बोलू द्यायचं ना!"

"आन मंग? हाकलला असता त्याला." ती चहात गूळ टाकत होती. "देव काय गं, मला लिंबाखाली बी भेटतो. सुन्याला आता ह्या वयात दुसरी खुर्ची कुटं भेटल?"

मला रडू फुटलं. रागाचं होतं की कशाचं ते मला अजून नीट सांगता येत नाही. बाहेर सुनील पोलिसाशेजारी हात मागे बांधून उभा होता. आईने त्याला चहा नेऊन दिला, तो त्याने उभ्याउभ्याच प्यायला आणि गाडीत जाऊन बसला.

ती बातमी गावातल्या प्रत्येक मोबाईलवर गेली. पुढच्या रविवारी बायका आईच्या अंगणात आल्या नाहीत. त्या गावाच्या दुसऱ्या टोकाला एकीच्या गोठ्यात जमायला लागल्या. आईला कुणी कळवलं नाही. तिच्यावर ओरडायलाही कुणी आलं नाही. ज्या खोलीत त्यांची लग्नं लागली, पोरांचे बाप्तिस्मे झाले, तिला आपण कुलूप लावलं असं ती सगळ्या जगाला सांगून बसली होती. एका रविवारी मी एसटीने गेले तर ती गोणपाटं अंथरून वाट बघत होती. 'येतील, उशीर झाला आसल,' म्हणाली. मग आम्ही दोघींनीच गायलं. तिचा आवाज आता बसत चाललाय आणि मला ते जुने सूर नीट येत नाहीत.

निघताना तिने शपथ घालून बजावलं, "सुन्याला सांग, येत्यात समद्या."

सुनील मुंबईला असतो. रविवारी संध्याकाळी त्याचा फोन येतो. त्याही दिवशी आला.

"आई कशी आहे? बायका येतात ना तिच्याकडे?"

आईने घातलेली शपथ मी मोडली. एवढा खोटेपणा एका घरात पुरे झाला होता. "कुणी येत नाही, सुनील," मी म्हटलं. "त्या दिवसापासून कुणी आलं नाही. तुझी आई एकटी बसते."

  मग फोनवर त्याच्या मागून कुणीतरी म्हणालं, "साहेब, गाडी लागली."

"हो, आलो," तो त्याला म्हणाला. आणि मला म्हणाला, "आईला सांग, मी विचारलं होतं."